पाच वाजता आलेला मजूर

वडखळ, पेण, नागोठणे, रोहा या टापूतल्या माझ्या सगळ्या बंधुभगिनींना एक विनंती आहे. तुम्ही देवळात जात असाल, चर्चमध्ये जात असाल, विहारात किंवा मशिदीत जात असाल, नाहीतर कुठेच जात नसाल, तरी ती तुमच्यासाठीच आहे. येत्या आठवड्यात बायबलच्या नव्या करारातलं मत्तयाचं शुभवर्तमान उघडा आणि त्याच्या विसाव्या अध्यायातली पहिली सोळा वचनं वाचा. तेवढीच. वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण आठवडाभर पुढे जाऊ नका. रोज तीच सोळा वचनं वाचा आणि त्या गोष्टीत आपण नेमके कुठे उभे आहोत ते शोधा.

धर्मग्रंथाचं आपल्याकडे बहुधा दोनपैकी एक होतं. एक तर पोथी लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात राहते, नाहीतर सप्ताहाच्या घाईत अध्यायामागून अध्याय उरकले जातात. ख्रिस्ती घरांतही हेच दिसतं. रविवारी ऐकलेला उतारा मंगळवारपर्यंत विसरलेला असतो. वाचन होतं, पण अंगी लागत नाही. आपल्या खारेपाटातल्या माणसाला याचं कारण फार फोड करून सांगायला नको. खाडीत पाणी अमाप असतं, पण मीठ पिकतं ते मिठागराच्या उथळ वाफ्यात, थोडंसंच पाणी अडवून उन्हात राहू दिलं म्हणजे. उताऱ्याचंही तसंच आहे. थोडा घ्या, अडवा आणि राहू द्या.

गोष्ट अशी आहे. एका द्राक्षमळ्याचा मालक भल्या पहाटे मजूर शोधायला निघतो. चौकात माणसं कामाच्या आशेनं उभी असतात. दिवसाचा एक दीनार ठरतो. त्या काळी मजुराचा दिवसाचा रोज साधारण तेवढाच असे, म्हणजे घरातली चूल एक दिवस पेटेल इतका. माणसं मळ्यात जातात. नऊच्या सुमाराला मालक पुन्हा चौकात येतो. आणखी काही जण रिकामे उभे दिसतात. योग्य ते देईन, एवढंच सांगून तो त्यांनाही धाडतो. बाराला येतो, तीनला येतो, तसंच करतो. दिवस मावळायला तास उरलेला असताना, पाचच्या सुमाराला, तो आणखी एकदा येतो. अजून माणसं उभीच असतात. दिवसभर इथे रिकामे का उभे आहात, असं तो विचारतो. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं ते सांगतात. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो.

संध्याकाळी मालक कारभाऱ्याला सांगतो, मजुरी वाट, पण शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. तासभर राबलेल्यांच्या हातात पूर्ण दीनार पडतो. हे पाहून पहाटेपासून घाम गाळणाऱ्यांना वाटतं, आपल्याला नक्की जास्त मिळणार. त्यांनाही एकच दीनार मिळतो. ते कुरकुरतात. दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं आणि या तासाभराच्या माणसांना आमच्या पंक्तीला बसवलं, अशी त्यांची तक्रार असते. मालक त्यांच्यातल्या एकाला मित्र म्हणून हाक मारतो आणि समजावतो की तुझ्यावर मी अन्याय केलेला नाही, ठरलं तेवढं दिलं आहे, आणि मी कुणाशी चांगुलपणानं वागलो याचा तुला त्रास का व्हावा?

एवढीच गोष्ट. चारही शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयानं ती सांगितली आहे. पहिल्या वाचनात ती बहुतेकांना खटकते. बारा तासांना एक दीनार आणि एका तासालाही एक दीनार, हा कसला हिशेब? ही टोचणी घाईनं बुजवू नका. गोष्ट तिथूनच तुमच्याशी बोलायला लागणार आहे.

कुणी म्हणेल, बायबलमधली गोष्ट आम्हा पेणकरांच्या काय कामाची? तर ती आपल्या घरापर्यंत कशी आली ते पाहा. जॉन रस्किन या इंग्रज लेखकानं १८६० साली अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. माणसाचं मोल फक्त बाजारभावानं ठरवू नये, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे त्यांचं पुस्तक झालं, तेव्हा त्याचं नाव त्यानं याच गोष्टीतून, मालकाच्या तोंडच्या शब्दांतून उचललं. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला निघालेल्या गांधीजींच्या हातात त्यांचे मित्र हेन्री पोलाक यांनी स्टेशनवर ते पुस्तक दिलं. त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचं मोल सारखंच, हे त्यांनी त्यातून घेतलं आणि त्याच वर्षी दरबानजवळ फिनिक्सची वसाहत उभी केली. तिथे वर्ण आणि देश न पाहता प्रत्येकाला महिना तीन पौंड असा एकसारखा पगार ठरला. १९०८ साली त्यांनी त्या पुस्तकाचा सारांश गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’.

तो शब्द पुढे आयुष्यभर कुणी वाहिला? याच पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या माणसानं. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा तिथे जन्मले. त्यांच्या लहानपणची एक आठवण आहे. परसात फणस पिकला की आई द्रोणांत गरे भरायची आणि आधी शेजारच्या घरोघर वाटून ये म्हणायची. घरच्या मुलांच्या वाट्याला गरे त्यानंतर येत. त्या घरातला मुलगा मोठा होऊन १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला पोचला. तिथल्या दलित कुटुंबांनी पोटापुरती ऐंशी एकर जमीन मागितली आणि त्याच सभेत रामचंद्र रेड्डी या जमीनदारानं शंभर एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झालं. चौकात शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्यांना घरी न्यायला भाकरी मिळाली पाहिजे, ही मत्तयाच्या गोष्टीतली तळमळ त्या पदयात्रेत पायी चालत होती, असं मला वाटतं.

याच विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, कुराणातली निवडक वचनं एकत्र केली आणि नव्या करारातला वेचा काढून ‘ख्रिस्तधर्मसार’ही सिद्ध केलं. दुसऱ्याचा ग्रंथ हाती घेतला म्हणून त्यांचा आपला सुटला नाही. म्हणून ज्यांना बायबल उघडायला संकोच वाटतो त्यांना माझं सांगणं आहे, भिऊ नका. या वाचनासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणाला सोडून कुणाकडे जावंही लागत नाही. आणि ज्या ख्रिस्ती बांधवांना ही गोष्ट पाठ आहे त्यांना माझं सांगणं थोडं वेगळं आहे. पाठ असलेलं ऐकू येईनासं होतं. तुम्ही ती पहिल्यांदाच कानावर पडते आहे अशी वाचा. मोठ्यानं वाचा, घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

आता वाचायचं कसं? आधी उताऱ्याच्या मागचं आणि पुढचं थोडं पाहून घ्या. उतारा लहान घ्यायचा, पण तो मुळातून उपटायचा नाही. आधीच्या अध्यायाच्या शेवटी पेत्र येशूला विचारतो की आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? या गोष्टीनंतर थोड्याच अंतरावर दोन शिष्यांची आई येते आणि आपल्या मुलांना राज्यात उजव्या-डाव्या बाजूला बसायला जागा मागते. म्हणजे ही गोष्ट दुष्टांना सांगितलेली नाही. देवासाठी घरदार सोडलेल्या, मनानं चांगल्या, पण मनात हिशेब मांडून बसलेल्या माणसांना ती सांगितली आहे. वर्षानुवर्षं उपास, वारी, नोव्हेना, पारायण करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच ती आहे. देवा, एवढं केलं, मग माझ्याच घरी हे दुखणं का, आणि त्या कधी देवाचं नावही न घेणाऱ्याच्या घरी सुबत्ता का, असं मनात कधी ना कधी येऊन गेलेल्या प्रत्येकासाठी.

मग गोष्टीतल्या एकेका माणसाच्या जागी उभे राहा. एका दिवशी एकाच्याच.

पहिल्या दिवशी पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्यांच्या जागी. ही माणसं कोण असतील हे कळायला आपला कुठलाही मजूरनाका पुरे. सकाळी सात-साडेसातला बघा. हातातल्या पिशवीत डबा, खांद्यावर फावडं, कुणाजवळ थापी आणि ओळंबा. पिकअप येऊन थांबते. मुकादम काच खाली करून बोट दाखवतो, तू, तू आणि तो. आधी तरणी, दणकट पोरं उचलली जातात. मग हातात कसब असलेला गवंडी, मग ओळखीपाळखीचे. दहा वाजता उरलेल्यांकडे पाहा. पन्नाशी उलटलेला, पायानं अधू झालेला माणूस. कडेवर मूल असलेली बाई. वाडीवरून उतरलेलं कातकरी जोडपं, ज्याला भाव करता येत नाही. हे आळशी असते तर घरी झोपले असते. उन्हात उभं राहणं आणि प्रत्येक गाडी आली की मान वर करून पुन्हा खाली घालणं, हेही कष्टच आहेत. त्याची हजेरी मात्र कुणी मांडत नाही. मजूर रिकामे का, याचं त्यांनीच दिलेलं उत्तर मत्तयानं जपून ठेवलं आहे, आणि मालकानं त्यावर एकही उलटप्रश्न केलेला नाही, याकडे लक्ष द्या.

आपल्या राज्यानं हे उत्तर एकदा कायद्यात उतरवलं. १९७२च्या दुष्काळाच्या दिवसांत रोजगार हमी योजना सुरू झाली, वि. स. पागे यांच्या विचारातून. १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं, आणि पंधरा दिवसांत ते दिलं नाही तर भत्ता देणं आलं. ‘आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही’ हे वाक्य म्हणणाऱ्याची लाज राहत नाही, ते ऐकणाऱ्यावरचं ऋण होतं, हे त्या कायद्यानं मान्य केलं.

या जागी उभे राहिल्यावर स्वतःला विचारा, मला कधी कुणी निवडलं नाही असं झालं आहे का? शाळेत, नोकरीत, लग्नाच्या बाजारात, घरातल्या मानपानात? त्या वेळी कुणी उशिरा का होईना येऊन हाक मारली होती का? मारली असेल तर त्या माणसाचं नाव आठवा. आजचं वाचन तिथेच थांबवलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून राबलेल्यांच्या जागी. इथे आपण बहुतेक जण आधीपासूनच उभे आहोत. त्यांना मत्सरी म्हणून निकालात काढू नका. त्यांनी खरोखर ऊन सोसलं आहे आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य नाही असं गोष्टसुद्धा म्हणत नाही. एक बारकावा मात्र पाहा. मालकानं आधी यांनाच मजुरी देऊन वाटेला लावलं असतं, तर ते खुशीत घरी गेले असते. हातातला दीनार त्यांना पुरेसा वाटला असता. शेजाऱ्याच्या तळहाताकडे नजर गेली त्या क्षणी तोच दीनार कमी झाला. पैसा तेवढाच होता. गेलं ते समाधान, आणि ते दुसऱ्या कुणी नेलं नव्हतं.

हे आपल्याकडे घरोघर चालू आहे. महामार्गात, रेल्वेत, कारखान्यांत जमिनी गेल्या, मोबदला आला, आणि जे भाऊ एकाच ताटात जेवले ते तहसील कचेरीच्या पायरीवर एकमेकांकडे पाठ करून बसू लागले. थोरला म्हणतो, आईबापाची दुखणी मी काढली, बांध फुटला तेव्हा चिखलात मी उतरलो, धाकटा मुंबईहून फक्त गणपतीला यायचा, मग वाटा सारखा कसा? बहिणीनं सातबाऱ्यावरच्या नावाची गोष्ट काढली की तिचा माहेरचा रस्ताच बंद होतो. थोरल्याचं म्हणणं खोटं नसतं. त्यानं सोसलेलं असतंच. पण सोसण्याचा मोबदला म्हणून त्याला भावाचं कमी झालेलं पाहायचं असेल, तर तो मोबदला कुठलाही देव देऊ शकणार नाही. मालक या कुरकुरणाऱ्याला हाकलून देत नाही, हेही वाचा. मित्र म्हणून त्याच्याशी बोलतो. तुमच्या मनात अशी तक्रार असेल तर ती दाबू नका. देवापुढे नीट मांडा, आणि मग उत्तर ऐकायला थांबा.

तिसऱ्या दिवशी मालकाच्या जागी. पदरी कारभारी असून हा माणूस चौकात पुन्हा पुन्हा स्वतः जातो. काम लवकर उरकायचं असतं तर पहाटेच जास्त माणसं आणली असती. पाच वाजता नव्यानं आणलेल्या मजुराकडून मळ्याला काय मिळणार? त्याच्या डोळ्यांपुढे मळ्याइतकीच ती उभी माणसं असली पाहिजेत. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हा मालक म्हणजे देव. माणूस कितीही उशिरा आला तरी त्याच्याकडे दार लावून घेतलेलं नसतं आणि उशिरा आला म्हणून अर्धा देव मिळत नाही. आपल्याकडे भागवतात अजामिळाची कथा आहे, अखेरच्या घटकेला नारायणाचं नाव तोंडी आलेल्या माणसाची. ती ऐकत वाढलेल्यांना हा मालक अनोळखी वाटू नये.

इथे एक इशारा. जो स्वतः माणसं कामावर ठेवतो त्यानं ही जागा फार सांभाळून घ्यावी. माझा पैसा, मी वाटेल तसा देईन, असं म्हणून मजुराला फसवायला या उताऱ्याचा आधार घेता येत नाही. या मालकानं कुणालाही ठरलेल्यापेक्षा एक पैसा कमी दिलेला नाही. आपला अधिकार त्यानं फक्त जास्त देण्यासाठी वापरला. शिवाय पैसे त्यानं त्याच संध्याकाळी दिले, आणि त्यामागे जुनं शास्त्र आहे. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. येशू ज्यू होता आणि ऐकणारेही ज्यू होते. संध्याकाळच्या मजुरीचा उल्लेख आला की त्यांना ती आज्ञा आठवणारच. रायगडला तर ही परंपरा परकी नाही. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो ते बेने इस्राएल इथल्याच गावांत राहिले. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आपल्याच गावांची आहेत.

म्हणून मालकाच्या जागी उभे राहताना स्वतःला सरळ विचारा. भातलावणीला आलेल्या बाईला पुरुषापेक्षा कमी रोज मी देतो का? गणपतीच्या कारखान्यात रात्र रात्र जागून रंगकाम करणाऱ्या पोराचे पैसे विसर्जन झालं तरी माझ्याकडे राहिलेत का? वीटभट्टीवर उचल देऊन अख्खं कुटुंब मी बांधून तर ठेवलं नाही ना? घरकामाच्या मावशी दोन दिवस तापानं आल्या नाहीत, तेव्हा मी त्यांचे पैसे कापले का? उत्तर लिहून ठेवा. ते दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही.

चौथ्या दिवशी कारभाऱ्याच्या जागी. त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पैसा त्याचा नाही, निर्णय त्याचा नाही, पण वाटप त्याच्या हातून होतं. आपल्यातले किती तरी जण असेच आहेत. रेशन दुकानात माप घालणारा, बचत गटाची वही ठेवणारी ताई, ग्रामपंचायतीत दाखले देणारा कारकून, दवाखान्यात नंबर लावणारी मुलगी, मुकादम. शेवटच्यापासून सुरुवात करायला त्याला सांगितलं आणि त्यानं केली. पुढे उभ्या असलेल्यांच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदा त्यालाच दिसल्या असणार. तुमच्या खिडकीपुढे रोज कोण सगळ्यात मागे राहतं? फॉर्म भरता येत नाही म्हणून तीनदा परत गेलेली आजी? उद्या तिला आधी हाक मारा. त्यासाठी कुणाचा पैसा लागत नाही.

उरलेल्या दिवसांत पुन्हा पूर्ण गोष्ट वाचा आणि उशिरा येण्याबद्दल विचार करा. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं, आता वय झालं, आता देवाधर्माकडे काय वळायचं, आयुष्य तर वाया गेलं. व्यसनात वर्षं घालवलेल्यांना वाटतं, आता कोणत्या तोंडानं घरी जाऊ. त्यांनी मराठीतलंच एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र तो घाव वाटला. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. त्यांचं मन सावकाश वळलं आणि १९०० साली, स्वतःच्या पायांनी, त्याही त्याच वाटेवर आल्या. पुढे टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचं महाकाव्य लिहायला घेतलं. थोडेच अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. उरलेलं प्रचंड काम कुणी पुरं केलं? मागून आलेल्या, औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी. शेवटी आलेल्या माणसाच्या हातून काय घडेल हे पहाटेच्या चौकात कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून घरात कुणी उशिरा परतलं असेल, दारू सोडून, रुसवा सोडून, दहा वर्षांचा अबोला सोडून, तर त्याला आधी किती वाजले ते विचारू नका. त्याला काम द्या, ताट द्या. त्याचा हिशेब मांडणं तुमच्याकडे दिलेलं नाही.

काही साध्या सूचना. बायबल मराठीत सहज मिळतं आणि किंमतही फार नसते. जवळच्या चर्चमध्ये मागितलंत तरी कुणी नाही म्हणणार नाही. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या. साध्यासुध्या बायकांना समजावं याच ध्यासानं पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात राहून, १९२२ साली डोळे मिटेपर्यंत, मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचं मराठी केलं. तेव्हा आपल्याला समजणार नाही, हे कारण उरत नाही. एकट्यानं वाचलंत तर वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसा. चौघांत वाचलंत, बचत गटात, भजनी मंडळात, घरच्या प्रार्थनेत, तर प्रत्येकानं एवढंच सांगावं की मला गोष्टीतलं कुठलं माणूस जवळचं वाटलं आणि का. वाद घालू नये, दुसऱ्याला उपदेश करू नये. उताऱ्यात शेजाऱ्याचा दोष सापडला की समजावं, आपलं वाचन चुकीच्या दिशेला गेलं. हा उतारा सुनेला ऐकवण्यासाठी सासूनं वाचायचा नाही आणि सासूला टोमणा मारायला सुनेनंही नाही.

आणि प्रत्येक वाचनातून एकच कृती घ्या, त्याच दिवशी करता येईल अशी. मोठे संकल्प नकोत. एक फोन, एक माफी, एका बाईचा वाढवलेला रोज, रांगेत मागे राहिलेल्या एकाला पुढे बोलावणं. ज्या वाचनातून असं काहीच निघालं नाही ते वाया गेलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. पण आठवडा संपताना एकही गोष्ट हातून घडली नसेल, तर समजा आपण अजून चौकाच्या कडेला उभं राहून नुसतं पाहतो आहोत.

सुरुवात कुठून करायची हे मी सांगतो, म्हणजे उद्यावर ढकलायला निमित्त उरणार नाही. आज कुणाची मजुरी, उसनवारी, कुणाच्या वाट्याचा हक्क तुमच्याकडे अडकून पडला असेल, तर आधी तो मोकळा करा. रक्कम लहान असो की मोठी, देणं असेल तर आज सूर्य मावळायच्या आत देऊन या. वाटणीचा गुंता असेल तर आज निदान ज्या भावाशी किंवा बहिणीशी बोलणं बंद आहे, त्या भावाला किंवा बहिणीला फोन करा. मग हातपाय धुऊन बसा आणि मत्तयाचा विसावा अध्याय उघडा.